लाईन क्लिअर नही, ते गाडी नही

आमच्या शेजारच्या घरात टीव्ही लावायचा असेल, तर आधी स्वयंपाकघराची परवानगी लागायची. ती तोंडी चालत नसे. वाजवून मागावी लागे आणि वाजवूनच मिळे.

मी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्यासोबत आमच्या ह्यांच्या धुळ्याच्या ऑफिसातले साहेब होते. जळगावला कामाला आले होते, आमच्याकडे चहाला थांबले आणि त्यांना क्रिकेटचा निकाल हवा होता. आमच्या ओळीत टीव्ही तेव्हा एकच, सुपडू नानांकडे. मी साहेबांना तिकडे घेऊन गेले. मागे शेपटासारखी माझी दोन्ही पोरं. साहेब खुर्चीत बसले आणि सवयीने टीव्हीच्या बटणाकडे हात नेला. नानांनी तो हात हवेतच धरला आणि अलगद त्यांच्या मांडीवर परत ठेवला. मग टीव्हीशेजारी पालथा घातलेला स्टीलचा ग्लास चमच्याने एकदा वाजवला. आतून तव्यावर उलथनं आपटल्याचा आवाज आला, एकदाच. नानांनी ग्लास दोनदा वाजवला. आतून काही नाही.

साहेबांना वाटलं, चहा सांगितला. दुसऱ्यांदा कशाला म्हणून ते नको नको म्हणू लागले. नाना म्हणाले, "लाईन क्लिअर नही, ते गाडी नही," आणि हाताची घडी घालून स्वस्थ बसले. बातम्यांची वेळ आली आणि गेली. साहेब निकाल न कळताच उठले. नंतर कळलं की दोष आमच्याच घराचा होता. माझा राहुल मातीचे पाय घेऊन सतरंजीवर बसला होता आणि नानांच्या बायकोने, अक्कांनी, ते आतून दाराच्या फटीतून पाहिलं होतं.

आता हे नाना कोण, ते सांगते. नाना रेल्वेत स्टेशनमास्तर होते. पाचोऱ्याकडच्या एकेरी लाईनवर, जिथे गाडी थांबली तरी उतरायला कुणी नसे, अशा बारक्या स्टेशनांवर त्यांची सगळी नोकरी गेली. एकेरी लाईनवर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून पुढच्या स्टेशनाला घंटी वाजवून विचारायचं, त्यांनी घंटी वाजवून होकार दिला की मगच गाडी सोडायची. त्या होकाराचं नाव लाईन क्लिअर. उत्तर आलं नाही तर गाडी उभी. मग डब्यात अख्खं वऱ्हाड खोळंबलेलं असो, नाहीतर गार्ड दात-ओठ खात असो. नानांनी उभ्या नोकरीत एकही गाडी उत्तराशिवाय सोडली नाही, आणि हे ते दर आठवड्याला एकदा तरी सांगत.

रिटायर झाल्यावर ते मेहरूणकडच्या आमच्या ओळीत राहायला आले. बैठी घरं, एकमेकांना चिकटलेली, मधली भिंत सामाईक. माझी चूल आणि अक्कांची चूल यांच्यामध्ये एका विटेची भिंत. त्यांच्याकडे भरताची वांगी भाजली की वास आधी आमच्याकडे यायचा. घरात दोघंच. मुलगा सुरतेला मिलमध्ये, सून आणि नातवंडं तिकडेच. नातवंडांना मे महिन्यात करमावं म्हणून नानांनी टीव्ही घेतला. पण नातवंडं वर्षातून एकदा येणार आणि टीव्ही रोज घरात बसून. त्याच्यावर अक्कांनी झालरीचं कव्हर शिवलं, नानांनी गच्चीवर अँटेना उभा केला, आणि हळूहळू ओळीतली पोरं संध्याकाळी त्यांच्या सतरंजीवर जमायला लागली. पोरं जमली तसे नियमही जमले.

सतरंजीची काठाची निळी पट्टी म्हणजे प्लॅटफॉर्म. तिच्या पुढे पाय गेला की नाना ओरडत, "बठ्ठा मांगे सरका." सगळे मागे सरकत. वेताची एक रिंग होती, तिला अक्कांनी शिवलेली कापडी पिशवी आणि पिशवीत एक मोठी काचेची गोटी. एकेरी लाईनवर ड्रायव्हरला असा गोळा हातात मिळाल्याशिवाय इंजीन हलवता येत नाही, त्याची ही घरगुती नक्कल. खरी का नाही आणली, असं मी एकदा विचारलं तर नाना दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. रेल्वेचा माल घरी आणणाऱ्यांतला मी वाटलो का, असं त्यांनी अक्कांमार्फत कळवलं. ज्या पोराच्या हातात रिंग, तो त्या दिवशीचा ड्रायव्हर. बटण तोच फिरवणार. पण तेही आतून उत्तर आल्यावर.

आणि आतून उत्तर देणाऱ्या अक्का नानांपेक्षा कडक. ग्लासचा एक ठोका म्हणजे लक्ष द्या. अक्का तव्यावर एक ठोका देत, म्हणजे लक्ष आहे. मग ग्लासचे दोन, गाडी सोडू का. पोरांचे हातपाय धुतलेले असतील, दूध पिऊन झालं असेल, पाढे म्हणून झाले असतील, तर तव्यावर दोन ठोके पडत. नाहीतर शांतता. फार झालं तर आतून आवाज येई, "आधी पोरेसना पाय देखा, मंग सोडा गाडी." मेहरूणच्या बोरांच्या दिवसांत तर सगळ्या खिशांची झडती होई. चिकट हाताने बटण फिरवलेलं अक्कांना चालत नसे.

जाहिरात लागली की नाना आवाज बंद करत आणि म्हणत, "क्रॉसिंग." म्हणजे समोरची गाडी जाऊ द्या, तोवर उतरा, पाणी प्या, बाहेरच्या लिंबाच्या झाडाकडे पाहा, डोळ्यांना आराम द्या. पोरं नाखुशीने उठत. कारण पोरांच्या लेखी जाहिरात हीच मेल गाडी होती आणि बाकी सगळी मालगाडी. माझी सुजाता एकदा रडकुंडीला येऊन म्हणाली की वर्गातल्या सगळ्या मुलींना साबणाची गाणी येतात, मला फक्त लिंबाचं झाड येतं.

मध्येच चित्र जाऊन पडद्यावर दिलगिरीची पाटी यायची, तेव्हा मात्र नाना बटणाला हात लावू देत नसत. पोरं चुळबुळ करत आणि नाना त्या पाटीकडे मोठ्या आदराने बघत राहत. "पुढलं स्टेशन उत्तर देत नसेल त्यांना," ते म्हणत. "थांबायचं. उत्तर नसलं की थांबायचं."

ह्या नियमांनी सगळ्यात मोठा गोंधळ घातला तो एका रविवारी सकाळी. पौराणिक मालिकेची वेळ. आमच्याकडे रविवारी सकाळी बुद्धवंदना असते, पण ती उरकून माझी पोरं सगळ्यांच्या आधी पुढे जाऊन बसलेली. नानांच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नाही. पलीकडच्या ओळीतल्या एक आजी तर हार आणि उदबत्ती घेऊन आल्या होत्या. नानांनी ग्लास वाजवला. उत्तर नाही. पुन्हा वाजवला. उत्तर नाही. लोक म्हणाले, नाना, लावा की. नानांनी मान हलवली. सगळे गाडीत बसलेले आहेत, सगळ्यांचे पाय धुतलेले आहेत, हे त्यांना दिसत होतं. पण उत्तर नव्हतं.

कुणी समजावलं, कुणी हात जोडले. एका तरुण पोराने बटणाकडे झेप घेतली तर नाना टीव्हीसमोर दोन्ही हात पसरून उभे राहिले. आजींची उदबत्ती जळत जळत बोटापर्यंत आली आणि त्यांनी शेवटी ती काळ्या पडद्यालाच ओवाळून घेतली. मी उठून आत गेले. स्वयंपाकघरात अक्का नव्हत्या. चुलीवर डाळ होती आणि मागचं दार उघडं. अक्का मागच्या बोळात मेथीवालीशी घासाघीस करत होत्या, आणि मेथीवाली पिंपळनेरकडची कुणी ओळखीची निघाल्यामुळे ते प्रकरण माहेरापर्यंत पोचलं होतं. मी त्यांना ओढत आणलं. उलथनं तव्यावर पडेपर्यंत पुढच्या खोलीत मालिकेचं शेवटचं गाणं लागायची वेळ झाली होती.

ओळ नानांवर आठवडाभर रुसली. नाना मात्र अक्कांना एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं होतं, निदान विचारतील कुठे होतीस म्हणून. ते एवढंच म्हणाले की पुढलं स्टेशन बंद असेल तर मागल्या स्टेशनाने थांबायचं असतं, त्यात चिडायचं काय.

मी पाटबंधारे खात्यात कारकून. सकाळी जाणार ती दिवेलागणीला येणार. हे धुळ्याला, शनिवारी रात्री उगवणार आणि सोमवारी पहाटेच्या एसटीने मावळणार. माझी पोरं शाळेतून आली की थेट नानांकडे. म्हणून लोक नानांची टिंगल करायचे तेव्हा मी हसायचे, पण हळू. ऑफिसात बसून मला पोरांची चिंता नसायची. दूध पोटात गेलं असेल, पाढे झाले असतील आणि ती सतरंजीच्या निळ्या पट्टीमागे बसली असतील, एवढं मला ठाऊक असायचं.

ह्या ठोक्यांचं आणखी एक होतं, ते सुट्टीच्या दिवशी मी घरी असले की लक्षात यायचं. भर दुपार, बाहेर ऊन रणरणतंय, टीव्हीवर त्या वेळी काहीच नसायचं, पोरं झोपलेली. आणि भिंतीपलीकडून ग्लासचा एक ठोका. लगेच तव्याचा एक ठोका. बस. दोनाचा प्रश्नच नाही. थोड्या वेळाने पुन्हा तसंच. एकदा धुणं वाळत घालताना मी अक्कांना विचारलं, दुपारची ही कुठली गाडी. अक्का पदर तोंडाला लावून हसल्या. "काही नही वं माय. मी घरमा शे का नही, ते इचारतस."

त्या पिढीतला नवरा बायकोला नावाने हाक मारत नसे. आमच्या ओळीतले बाकीचे पुरुष 'अगं ए' वर भागवत. नानांनी आपली सोय अशी करून घेतली होती. मी ही गोष्ट ह्यांना सांगितली तर हे म्हणाले, एकूण काय, म्हातारा रेल्वेतून रिटायर झाला नाही. पुरुषांना काही गोष्टी समजावून सांगण्यात अर्थ नसतो.

पुढे नव्वदीत केबल आली. ओळीत घरोघरी वायरी लोंबकळायला लागल्या आणि आम्हीही हप्त्यावर रंगीत टीव्ही घेतला. मी मोठ्या थाटात नियम जाहीर केले. अभ्यास झाल्याशिवाय टीव्ही नाही, जेवताना टीव्ही नाही, परीक्षेच्या महिन्यात तर टीव्हीचं नावही नाही. पहिल्या आठवड्यात नियम पाळले गेले. दुसऱ्या आठवड्यात मी ऑफिसातून आले की टीव्ही बंद असायचा, पण वरून हात फिरवला तर गरम. मी रिमोट पिठाच्या डब्यात लपवला, तर दुसऱ्या दिवशी भाकरीच्या पिठात राहुलची बोटं उमटलेली. मी केबलची वायर काढून पर्समध्ये घालून ऑफिसला नेली, तर शेजारच्या पोराने दुसरी जोडून दिली. शिवाय शनिवारी हे यायचे आणि आठवडाभराचं माझं राज्य एका रात्रीत उधळून लावायचे. बिचारी पोरं, पाहू दे ना थोडं, असं म्हणत स्वतःच मध्यरात्रीपर्यंत पाहत बसायचे.

मी हे रडगाणं कुंपणापाशी उभं राहून नानांना ऐकवलं. नाना नेहमीसारखे गंभीर झाले. म्हणाले, "ताई, तुमचा नियम एकाच स्टेशनाचा आहे. एका स्टेशनाने लाईन चालत नाही. विचारणारं एक लागतं आणि उत्तर देणारं एक लागतं."

मला राग आला. दुसरं स्टेशन धुळ्याला आहे, त्याला मी काय करू, असं मी म्हणाले. तर नाना म्हणाले, मग आमच्याकडे पाठवा पोरांना, आमच्याकडे दोन आहेत.

पण पोरं आता कशाला जातात. घरी रंग होते, दिवसभर कार्टून होती, आणि नानांकडे तोच जुना काळा-पांढरा डबा आणि जाहिरातीला लिंबाचं झाड. एकेक करत ओळीतली सगळी पोरं सुटली. सतरंजी अंथरलेली असायची, वेताची रिंग खिळ्याला लटकलेली असायची. नाना संध्याकाळी पायरीवर येऊन बसत आणि पोरं समोरून घरी पळत, तेव्हा त्यांच्याकडे बघून हात वर करत. गाडी न थांबता निघून जाताना स्टेशनमास्तर करतो तसा. मग ते आत जात. ग्लासचा एक ठोका, तव्याचा एक. ग्लासचे दोन, तव्याचे दोन. बातम्या लागत. दोघांत एकही पोर नसताना कुणाचे पाय तपासून अक्का उत्तर देत असतील, असा प्रश्न मला पडायचा. पण एक दिवस ऐकू आलं. दोन ठोक्यांआधी अक्का आतून नानांना विचारत होत्या, गोळी घेतली का.

अक्का त्या हिवाळ्यात गेल्या. साधा ताप म्हणून धरलं होतं, आठवड्यात सगळं संपलं. सुरतेहून मुलगा-सून आली, दिवसकार्य झालं, मुलाने चला म्हणून फार आग्रह केला. नाना म्हणाले, उन्हाळ्यात पाहू. मुलगा गेला आणि भिंतीपलीकडचं घर गप्प झालं.

मी सकाळचा डबा देत होते. नाना तो धुऊन परत आणून ठेवत. दोन शब्द बोलत, तेही हवापाण्याचे. टीव्ही मात्र लागत नव्हता. मला वाटलं, दुखवटा आहे. महिना गेला, दोन गेले. मग सुजाता म्हणाली, "आई, नाना रोज ग्लास वाजवतात."

मी ऐकलं नव्हतं, कारण आमच्याकडे त्या वेळी टीव्ही मोठ्याने चालू असायचा. दुसऱ्या दिवशी मी तो बंद करायला लावला आणि भाकरी थापता थापता कान दिला. बातम्यांच्या वेळेला ठोका आला. एकच. मग शांतता. नाना थांबले असणार. पुन्हा एक. पुन्हा शांतता. त्यानंतर काही नाही. टीव्हीचं बटण त्यांच्या हाताच्या अंतरावर, घरात अडवणारं कुणी नाही, आणि हा माणूस उत्तर येत नाही म्हणून अंधाऱ्या पडद्यासमोर बसून होता. तव्यावरची भाकरी करपली तरी मला उलटायचं सुचेना.

मग मी ती काढली आणि उलथन्याने रिकाम्या तव्यावर एक ठोका दिला.

भिंतीपलीकडे काही हललं नाही. एवढा वेळ गेला की मला वाटलं, चुकलंच आपलं, म्हाताऱ्याच्या मनाला लागलं असेल. मी उलथनं खाली ठेवणार तेवढ्यात ग्लास वाजला. दोनदा. अगदी हळू.

मी हात उचलला तर राहुलने तो धरला. माझा राहुल, जो पिठाच्या डब्यातून रिमोट काढत होता, तो मला म्हणाला, "आई, अशी कशी देतेस? आधी विचार ना, ते जेवले का." सुजाता चपला न घालताच पळत गेली. मी मागच्या दाराशी गेले, तिथून ऐकू येत होतं. ती कमरेवर हात ठेवून उभी असावी, तिचा आवाज तसाच होता. नाना म्हणत होते, भूक नाही बेटा, सकाळचं आहे थोडं. ती म्हणाली, "लाईन क्लिअर नही, ते गाडी नही."

नाना आमच्याकडे येऊन जेवले. गरम भाकरी, शेवभाजी आणि वर मिरचीचा ठेचा. खाली मान घालून जेवले आणि मधे कुणाकडे पाहिलं नाही. हात धुऊन घरी गेले. पुन्हा पहिल्यापासून एक ठोका, माझा एक, त्यांचे दोन. मी पोरांकडे पाहिलं. दोघांनी माना हलवल्या. मी दोन ठोके दिले आणि भिंतीपलीकडे बातम्यांचा आवाज सुरू झाला. बातम्या जवळजवळ संपत आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी सगळी ओळ झोपली होती. मी तांदूळ निवडत बसले होते. टीव्ही लावायची ही नानांची वेळच नव्हती. तरी भिंतीपलीकडून ग्लासचा एक ठोका आला.

मी सूप बाजूला ठेवलं, उठले आणि तव्यावर एक ठोका दिला.